नेट गेलं म्हणजे नेमकं कुठं गेलं?



आज बचतीबद्दल नाही आणि कर्जाबद्दलही नाही. आज आपल्या घरातल्या नेटबद्दल बोलायचं आहे. एखादी म्हणेल, ताई, ते तर आमच्या पोरांचं खातं. मीही तसंच धरून चालले होते. पण गेल्या वर्षी वळवाच्या दिवसांत आमच्या गावात जे घडलं, त्यानंतर मी हा विषय पोरांच्या हातातून काढून घेतला.

आमच्या गटातली एक जण बँक सखी आहे. घराच्या पडवीत टेबल, त्यावर अंगठा लावायचं छोटं यंत्र आणि भिंतीवर केबलवाल्याच्या नेटचा डबा, एवढाच तिचा पसारा. बँकेची शाखा १४ किलोमीटरवर. म्हणून निराधारच्या पगाराच्या आज्या, लाडक्या बहिणीचे पैसे काढणाऱ्या बाया, सगळ्या तिच्याकडं येतात. त्या दिवशी मी गटाच्या हिशोबासाठी तिथंच बसले होते. एक आजी ३००० रुपये काढायला आल्या. अंगठा लावला, पडद्यावरचं चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. नेट गेलं होतं. दहा मिनिटांनी आलं. सखी जरा घुटमळली. मीच म्हटलं, "अगं, झालंच नाही ते. लाव की परत अंगठा." लावला, पैसे निघाले. आजी नोटा कमरेच्या पिशवीत खोचून गेल्या.

दोन दिवसांनी आजींच्या नातवानं शाखेत जाऊन पासबुक भरून आणलं. त्यात ३००० दोनदा वजा. दुपारपर्यंत पडवीसमोर सात-आठ माणसं उभी राहिली. बाईनं पैसे खाल्ले, हे वाक्य कुणी मोठ्यानं म्हटलं नाही, पण सगळे तेच बोलत होते. तिचा नवरा म्हणाला, बंद कर हा धंदा. पाचव्या दिवशी ३००० रुपये आजींच्या खात्यात आपोआप परत आले. पैसे परत आले, पण बोललेलं परत आलं नाही. पुढं महिनाभर तिच्याकडं येणाऱ्या बाया निम्म्यावर आल्या. परत अंगठा लावायला मी सांगितलं होतं, हे ग्रामसंघाच्या बैठकीत उभं राहून सांगेपर्यंत सगळा ठपका तिच्याच डोक्यावर होता.

झालं काय होतं, ते मला नंतर शाखेतल्या साहेबांनी समजावलं. पहिल्या अंगठ्याचा निरोप बँकेपर्यंत पोचला होता. बँकेनं पैसे वजाही केले होते. "झालं" हा उलटा निरोप आपल्या यंत्रापर्यंत यायच्या आत नेट गेलं. आपल्या बाजूनं बघणाऱ्याला वाटतं काहीच झालं नाही, आणि तिकडं खात्यातून पैसे गेलेले असतात. म्हणजे नेट कधी गेलं आणि कुठं गेलं, हे आपल्याला कळणं गरजेचं होतं. ते कळत नव्हतं, म्हणून एका बाईची अब्रू पाच दिवस टांगणीला लागली.

आता मुद्द्यावर येते. "नेट गेलं" हे वाक्य "पाणी आलं नाही" यासारखंच आहे. पाणी आलं नाही म्हटल्यावर आपण नुसत्या बसून राहतो का? आधी बघतो, आपलीच तोटी अडकली का. मग शेजारणीला हाक मारतो, तुझ्याकडं आलं का गं? गल्लीत कुणालाच नसलं तर पाइप फुटली असेल. अख्ख्या गावात नसलं तर टाकी भरली नाही, नाहीतर मोटर जळली. नेटचंही अगदी असंच आहे.

पहिला टप्पा म्हणजे आपल्या हातातल्या मोबाइलपासून भिंतीवरच्या डब्यापर्यंत. मोबाइलवर वायफायच्या कमानी पूर्ण दिसतात आणि आपण म्हणतो, नेट तर फुल्ल आहे, मग चालत का नाही? त्या कमानी फक्त मोबाइल आणि डब्यातलं अंतर दाखवतात. तोटी चांगली आहे, एवढंच त्यावरून कळतं. टाकीत पाणी आहे का, ते त्यावरून कळत नाही. आमच्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, दीड-दोन फूट जाडीच्या. डबा माजघरात आणि मोबाइल चुलीपाशी, तर त्या भिंती नेट खाऊन टाकतात. डबा टीव्हीच्या मागं किंवा लोखंडी कपाटात ठेवू नका. उंचावर, उघड्यावर, घराच्या मध्यावर ठेवा. काही डबे वायफायची दोन नावं दाखवतात. त्यातलं ज्याच्या शेवटी ५जी लिहिलेलं असतं ते जवळून जोरात चालतं, पण भिंत आली की मवाळ होतं. दुसरं जरा हळू, पण लांबपर्यंत पोचतं. या ५जीचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही, नावातला घोळ आहे नुसता.

दुसरा टप्पा डब्यापासून खांबापर्यंतचा. सगळ्यात जास्त बिघाड इथंच होतात, म्हणून इथं जरा थांबू या. घरात येणारी ती काळी किंवा पांढरी बारीक वायर विजेची नाही. तिच्या आत काचेचा धागा असतो, आपल्या डोक्याच्या केसाएवढा बारीक. त्यातून उजेड पळतो आणि त्या उजेडावर बसून आपलं नेट येतं. काच म्हटल्यावर तुम्हीच ओळखा तिला काय सोसत नाही. कडक वळण सोसत नाही. खिळा ठोकून आवळलेली, दाराच्या फटीत चेपलेली, उरलेली वायर गुंडाळून रबर लावलेली, अशा वायरीतून उजेड वळणावर बाहेर सांडतो आणि पुढं कमी पोचतो. आमच्या गटातल्या एका घरात रोज दुपारी नेट जायचं. तीन वेळा माणूस येऊन गेला, त्याला काही सापडेना. शेवटी लक्षात आलं की वहिनी त्याच वायरीवर ओल्या गोधड्या वाळत घालतात. वायर ताणली जायची, वाळल्या की परत सैल. वहिनी आजही ते मान्य करत नाहीत, ते सोडा.

उंदीर, खारी आणि वानरं हे या वायरीचे जुने शत्रू. शिवाय आमच्याकडं नळयोजनेच्या चाऱ्या खणताना जेसीबीनं किती वेळा वायर तोडली, मोजदाद नाही. खणणाऱ्यानं आधी कळवावं म्हणून सरकारनं २०२३ साली 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं आहे. आमच्या रस्त्यावरच्या जेसीबीवाल्याला मी ते विचारलं, तर तो माझ्याकडंच बघत राहिला.

तुटलेली वायर सापडली तर दोन गोष्टी मात्र करू नका. तिच्या टोकात डोळा लावून बघू नका. आतला उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. आणि तुटकं टोक पोरांच्या हाती देऊ नका. काचेचे बारीक तुकडे कातडीत शिरले तर काट्यासारखे सापडत नाहीत.

वायर तुटली हे ओळखायचं कसं? डब्यावर बारीक दिवे असतात. त्यातल्या एकाशी इंग्रजीत तीन अक्षरं लिहिलेली असतात, एल, ओ, एस. आमचे लाइनमन त्याला 'लॉस' म्हणतात. तो लाल लागला किंवा लाल उघडझाप करायला लागला, तर उजेड आपल्या घरापर्यंत पोचतच नाही. वायर तुटली, दबली, नाहीतर पुढं खांबावर किंवा केबलवाल्याकडंच काही झालं. अशा वेळी डबा दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. दुसरा दिवा 'पॉन'चा. तो हिरवा स्थिर असेल तर केबलवाल्यापर्यंतची वायर ठीक आहे. तरी नेट नसेल तर बिघाड त्याच्या पलीकडं, नाहीतर आपलं रिचार्ज संपलेलं. हसू नका, आमच्याकडं निम्म्या तक्रारी त्याच निघाल्या होत्या. पॉन हिरवा असताना डब्याचा प्लग काढून मिनिटभर थांबायचं, परत लावायचं आणि तीन मिनिटं वाट बघायची, एवढा एक उपाय करून बघायला हरकत नाही. मात्र डब्याच्या मागं सुईएवढं भोक असतं, तिथं काडी घालायची नाही. माझ्या भाच्यानं घातली. डबा कोरा झाला. त्यातली सगळी माहिती परत भरायला केबलवाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उगवला.

लाइनमन आला की त्याच्या हातात एक छोटं मीटर असतं. त्यावर तो उजेड मोजतो. त्याला विचारा, "पॉवर किती येतीय?" तो म्हणेल मायनस अठरा, मायनस बावीस. तेवढं चांगलं. मायनस २७ च्या आसपास गेली की नेट येत-जात राहतं. वाऱ्यानं वायर हलली की गेलं, थांबली की आलं. आकडा जितका मोठा तितका उजेड कमी, हे उलटं गणित ध्यानात ठेवा. बाईनं पॉवर विचारली की लाइनमन जरा सरळ होऊन काम करतो, हा माझा अनुभव आहे.

पुढचा टप्पा केबलवाल्याच्या खोलीचा. एका जाड वायरीतून आलेला उजेड खांबावरच्या डबीत वाटला जातो, कधी ८ घरांत, कधी १६, कधी ३२ किंवा ६४. म्हणून रात्री आठला सगळे सिनेमा लावून बसले की सगळ्यांचंच हळू होतं. दुपारी तेच नेट धावतं. गटाची माहिती भरायची, पोरीचा परीक्षेचा फॉर्म भरायचा, तर सकाळी नऊच्या आत बसावं. जाहिरातीत "१०० पर्यंत" लिहिलेलं असतं, त्यातला 'पर्यंत' हा शब्द मोठ्यानं वाचा. सरकारी व्याख्येप्रमाणं जानेवारी २०२३ पासून सेकंदाला किमान २ मेगाबिट वेग असेल तरच त्या सेवेला ब्रॉडबँड म्हणता येतं. त्याच्या खाली वेग जात असेल तर ते नेट 'स्लो' आहे म्हणून सोडून द्यायचं नाही, तक्रार करायची.

आणि लाइटचं विसरू नका. आपल्या घरात लाइट आहे पण केबलवाल्याच्या खोलीत नाही आणि त्याची बॅटरी मेलेली आहे, तरी आपलं नेट जाणार. उलट त्याच्याकडं बॅटरी आहे आणि आपल्याकडं लाइट नाही, तर नुसता आपला डबा बंद. त्यावर उपाय आहे. हजार-दोन हजारांत राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, डबा त्यावर दोन-तीन तास चालतो. घेताना आपल्या डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते कागदावर उतरवून दुकानात न्या. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाही. चुकीचा लावला तर डबा जळतो. वळवात विजा कडाडायला लागल्या की अडॅप्टर बोर्डातून उपसून ठेवा.

आता माणसांकडं वळते. आमचा केबलवाला गावातलाच, भावकीतला. त्याच्याशी भांडायची सोय नाही. उद्या त्याच्याच घरच्या हळदीला जायचं असतं. मीही आधी त्याला चोर ठरवून मोकळी झाले होते. पण तो मोठ्या कंपनीचं नेट गावात वाटणारा मधला माणूस आहे. बिलातला मोठा वाटा वर जातो. काच जोडायचं यंत्र महाग असतं, ते त्याच्याकडं नाही. तुटलं की तालुक्याहून जोडणारा बोलवावा लागतो, आणि तो जोडणारा पाच गावांचा एकच. त्यातून एका बिघाडासाठी त्याला चाळीस फोन येतात, "तुझं नेट गेलंय" एवढंच सांगणारे. कुठं गेलंय, ते कुणीच सांगत नाही. तो फोन बंद करून ठेवतो, आणि मग आपण आणखी चिडतो.

आम्ही काय केलं, तर जे आपल्याला येतं तेच केलं. वही घातली. गटातल्या अकरा जणींकडं त्याचं कनेक्शन आहे. एका वहीत सहा रकाने: तारीख, गेलं किती वाजता, आलं किती वाजता, लॉस लाल की पॉन हिरवा, लाइट होती का, शेजारी होतं का. दोन महिने कुणी कंटाळा केला नाही, कारण बैठकीत वही वाचली जायची. दोन महिन्यांत १९ नोंदी झाल्या. त्यातल्या ११ वेळा लॉस लाल होता, आणि त्यातल्या सात वेळा एकाच आळीत, वारा सुटलेला असताना. आम्ही चौघी जणी वही घेऊन त्याच्याकडं गेलो. त्यानं वही दोनदा वाचली आणि म्हणाला, "ही चिंच आहे वहिनी, दुसरं काही नाही." त्या आळीची वायर चिंचेच्या फांदीवरून गेली होती आणि जोड बरोबर तिथंच होता. आठवड्यात त्यानं वायर खांबावर घेतली. त्या आळीतल्या नोंदी तिथून पुढं जवळजवळ थांबल्या.

सगळंच मिळालं असं नाही. खोलीतली बॅटरी बदलायला त्यानं साफ नकार दिला, आत्ता पैसे नाहीत म्हणाला. ती अजूनही तशीच आहे, आणि लाइट गेली की अजूनही नेट जातं. पण जितके दिवस बंद राहील तितके दिवस रिचार्ज पुढं वाढवून द्यायचं त्यानं कबूल केलं. त्याच्या बाजूनंही त्यानं दोन गोष्टी मागितल्या. आळीतून एकीनंच फोन करायचा आणि दिव्याचा रंग सांगायचा. आणि पैसे तारखेला द्यायचे. दोन्ही रास्त होत्या.

त्याच्या तोंडी कबुलीच्या मागं नियमही आहे, तो माहीत असू द्या. दूरसंचार नियामक म्हणजे 'ट्राय'चे सेवेच्या दर्जाचे नवे नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. वायरीनं येणारी सेवा बिघडली आणि तीन दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर ग्राहकाला भरपाई मिळायला हवी, असं त्यात आहे. पण ती मागायची कुणाकडं? म्हणून पहिलं काम, पावती घ्या. तिच्यावर केबलवाल्याचं नव्हे, तर ज्या कंपनीचं नेट आहे तिचं नाव आणि तुमचा ग्राहक क्रमांक असला पाहिजे. कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन केला की तक्रारीचा क्रमांक मागायचा. तो क्रमांक नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. तिथं काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडं जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथं मराठीतून बोलता येतं. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले की सूट मिळते खरी, पण नवं कनेक्शन असेल तर पहिले दोन-तीन महिने महिन्याचेच भरा. आधी पाऊस कसा जातो ते बघा.

नेट जाणारच, हे धरून काही गोष्टी हाताशी ठेवाव्या लागतात. ज्यांचं काम नेटवर चालतं त्यांनी मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवावं आणि हॉटस्पॉट लावायला शिकून ठेवावं, ते गरज पडायच्या आधी. गटाच्या नोंदी आता 'लोकओएस' ॲपवर जातात, पण बैठकीत कागदावरच लिहा, ॲपवर नंतर चढवा. ग्रामपंचायतीत 'भारतनेट'चं कनेक्शन आलंय का आणि ते चालतंय का, हे ग्रामसभेत विचारा. पंचायतींपर्यंत फायबर न्यायची ती योजना २०११ ला मंजूर झाली आणि तिला हे नाव मिळालं २०१५ साली. आमच्याकडं डबा आहे, कपाटाच्या वर.

आणि आता बँक सखींसाठी, आणि त्यांच्याकडं अंगठा लावणाऱ्या सगळ्यांसाठी. चक्र फिरत राहिलं तर दुसरा अंगठा लावायचा नाही. नेट आल्यावर आधी खात्यातली शिल्लक बघायची, किंवा मिनी स्टेटमेंट काढायचं. पैसे वजा झाले असतील तर व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम कागदावर लिहून सखीनं सही करून त्या बाईच्या हातात द्यायची. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणं असे अडकलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत आले पाहिजेत. त्याच्या पुढं उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये बँकेनं द्यायचे आहेत. पाच दिवसांत आले नाहीत तर शाखेत लेखी अर्ज, पोच घेऊन. ३० दिवसांत शाखेनं दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार. सखीनं घाबरून स्वतःच्या खिशातून पैसे देऊ नयेत. दिले आणि नंतर बँकेतूनही आले, तर तो हिशोब मिटवताना दुसरं भांडण होतं.

आमच्या सखीनं हे सगळं मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून यंत्राच्या वर टांगलंय. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती अंगठ्याआधी वाचून दाखवते. त्याच आजी परवा आल्या होत्या. खुर्चीवर बसायच्या आधी डब्याकडं बोट करून म्हणाल्या, "हिरवा हाय का बघ आधी."

वहीच्या रकान्यांचा नमुना आम्ही केंद्रावर ठेवला आहे, गटाच्या बैठकीला येताना घेऊन जा. तुमच्या डब्यावरचे दिवे मी सांगितले त्याहून वेगळे असतील, तर डब्याचा फोटो गटाच्या ताईंकडं द्या. ज्यांच्याकडं वायर नाही, छतावर थाळीसारखा अँटेना लावून नेट घेतलंय, त्यांचं दुखणं वेगळं असतं. त्याबद्दल आमच्या लाइनमन भाऊंनाच पुढच्या वेळी केंद्रावर बोलवलं आहे, तुमचे प्रश्न लिहून पाठवा.